नाथसागरावरची पंगत

मराठीच्या प्राध्यापकाने शब्दांचा कीस काढीत बसावे, पाखरांच्या आणि माशांच्या भानगडीत पडू नये, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु माझ्या बाबतीत ही भानगड शब्दावरूनच सुरू झाली. आमच्या प्राणिशास्त्र विभागातील एका सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी मराठीत काही टिपणे केली होती आणि भाषा तपासण्यासाठी ती माझ्याकडे दिली होती. पहिल्याच पानावर ‘प्रजाती’, ‘समष्टी’ आणि ‘आंतरक्रिया’ असे तीन जडजंबाल शब्द ओळीने उभे! मी म्हणालो, “अहो, प्रजाती कशाला? आपल्या विश्वकोशात सरळ ‘जाती’ म्हटले आहे.” ते म्हणाले, “सर, वर्गात ‘जाती’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे तहसील कचेरीतला दाखला येतो, पक्षी येत नाही.”

या लाजवाब उत्तरावर मी काय बोलणार? तेव्हापासून आम्हा दोघांच्या रविवारच्या सहली पैठणला होऊ लागल्या. त्यांनी मला पाखरे दाखवावीत आणि मी त्यांना शब्द पुरवावेत, असा आमचा सौदा ठरला. सौद्यात फायदा माझाच झाला हे सांगावयास नकोच.

जातीचे हे प्रकरण आधी निकालात काढू. अर्न्स्ट मायर या पक्षिशास्त्रज्ञाने १९४२ साली जातीची जी व्याख्या केली तीच आज शाळा-कॉलेजांतून शिकवली जाते. ज्या प्राण्यांचा निसर्गात आपापसांत संकर होतो आणि ज्यांची संतती पुढे प्रजननक्षम राहते, तो सगळा गोतावळा एका जातीचा. घोडी आणि गाढव यांच्यापासून खेचर होते. पण खेचराचा वंश पुढे चालत नाही, म्हणून घोडा वेगळा आणि गाढव वेगळे. म्हणजे शास्त्रातल्या जातीचा कस पूर्वजांवर लागत नाही, पुढच्या पिढीवर लागतो. ज्या पैठणच्या धर्मसभेपुढे ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी उभे राहावे लागले अशी कथा आहे, त्याच पैठणच्या पाण्यावर बसून ही व्याख्या ऐकताना मला मोठी मौज वाटली. अर्थात निसर्ग व्याख्येलाही पुरता जुमानत नाही. रोहू आणि कटला हे दोन वेगळे मासे. पण एकाच पाण्यात अंडी सोडण्याची वेळ आली की त्यांचाही मिश्रविवाह होऊन जातो.

आता पैठणविषयी. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेहून, दक्षिणेला पन्नासएक किलोमीटर गेले की गोदावरीच्या काठी हे गाव लागते. सातवाहनांची ही राजधानी, नाथांची समाधी येथली आणि पैठणीही येथलीच. गावाच्या अंगालाच जायकवाडीचे धरण आहे. धरण पैठणला आणि नाव मात्र जायकवाडी, याचे कारण असे की मूळ योजना बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळची होती. जागा बदलली, नाव राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. सुमारे दहा किलोमीटर लांबीची ही मातीची भिंत. तिच्यामागे जे पाणी तुंबले त्याला नाथसागर म्हणतात. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन त्याखाली गेली. शंभराहून अधिक गावांना त्याची झळ लागली. त्या गावांची कथा वेगळी आहे आणि ती कोणी तरी नीट लिहिली पाहिजे. येथे मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या जागी कोण राहावयास आले ते.

नदी अडवली की पाणी तेच राहते, पण घर बदलते. वाहत्या, खडकाळ, थंड पाण्याला चटावलेले मासे हटतात आणि संथ पाण्यात सुखाने राहणारे वाढतात. चिखलात जंतू, पाण्यात शेवाळ, शेवाळावर सूक्ष्म जीव, त्यांवर लहान मासे, आणि मग या सगळ्यांच्या वासावर पाखरे. माणसाने शेतीसाठी आणि पिण्यासाठी तळे बांधले. पत्रिका न धाडता हजारो पाहुणे जेवावयास आले. १९८६ साली सरकारने या पाहुणचाराला मान्यता दिली आणि नाथसागर पक्षी अभयारण्य झाला. दोनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदलेले आहेत.

येथे वाचकांच्या मनात साहजिकच प्रश्न येईल की दोनशे जातींचे खवय्ये एकाच तळ्यावर जेवतात, तर भांडणे कशी होत नाहीत? हाच प्रश्न मी माझ्या सहकाऱ्यांना विचारला. त्यांनी उत्तर दिले नाही. दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “चोची पाहा आणि पाय पाहा. रंगांकडे तूर्त लक्ष देऊ नका.”

हिवाळ्याच्या सकाळी काठावर उभे राहून असे पाहिले तर पंगतीची मांडणी उमगू लागते. अगदी काठाला, जेथे पाण्याचा नुसता ओलावा आहे, तेथे छोटे टिलवे पळापळ करीत असतात. त्यांची चोच आखूड, पाय आखूड. वरवरचे कण टिपावयाचे. त्यांच्या पुढे घोटाभर पाण्यात तुतवार. त्याच्याही पुढे शेकाट्या. तांबड्या काड्यांसारखे लांब पाय घेऊन हा जेथे टिलवा बुडून जाईल तेथे आरामात फिरतो. पुढे चमचा. याच्या चोचीचे टोक खरोखरच डावासारखे चपटे. अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून हा मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवीत चालतो, जणू पाण्याची झाडलोटच चालली आहे. मासा चोचीला लागला की चोच मिटली. त्याला डोळ्यांची गरज फारशी लागत नाही. चित्रबलाकही असाच स्पर्शाने मासा ओळखतो. पण तो पायाने चिखल ढवळून मासा उठवतो. बगळ्याचे सगळेच उलट. तो डोळ्यांचा धनी. तासभर पुतळा होऊन उभा राहील आणि मग एकच घाव.

बदकांतही तोच प्रकार. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी; पृष्ठभागावरचे पाणी गाळून तो सूक्ष्म जीव मिळवतो. तलवार बदकाची मान लांब. ते डोके खाली आणि शेपूट वर करून, थापट्याला पोचणार नाही त्या खोलीवर चरते. लालसरी तर सरळ बुडीच मारते. पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतात आणि पाण्यापेक्षा काठावरच्या गवतावर व हरभऱ्याच्या शेतावर त्यांचा डोळा अधिक. पाणकावळा पाण्याखाली पाठलाग करून मासा धरतो आणि मग ओले पंख पसरून दांडीवर वाळत घातलेल्या कोटासारखा बसतो. कवड्या खंड्या हवेत जागच्या जागी थरथरत राहून वरून सुळकी मारतो. एकाच तळ्यातला एकच बोटभर मासा. पण त्याच्याकडे जाण्याचे रस्ते किती!

आणि सर्वांत अद्भुत म्हणजे रोहित पक्षी. याने चोच उलटी करून जेवण्याचा शोध लावला आहे. डोके खाली करून चोचीचा वरचा जबडा चिखलाकडे करावयाचा, जिभेने पंपासारखे पाणी आत ओढावयाचे आणि चोचीच्या कडेच्या चाळणीतून बाहेर सोडावयाचे. शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव चाळणीत अडकतात. त्याचा गुलाबी रंगसुद्धा या अन्नातलाच. हे उचलून खाल्लेले सौंदर्य आहे, असे माझे सहकारी म्हणतात. मला हा वाक्प्रयोग आवडला नाही, पण माहिती खरी आहे.

एका पाखराचे नाव मात्र मी मराठीचा प्राध्यापक या नात्याने मुद्दाम सांगतो. काळेकुट्ट अंग, कपाळावर पांढरा ठसठशीत टिळा आणि शेकड्यांच्या दिंड्या करून पाण्यावर तरंगत राहण्याची सवय. इंग्रज त्याला काहीही म्हणो, आमच्या लोकांनी त्याचे नाव ठेवले ‘वारकरी’. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्यांची भर पडून वारकऱ्यांची संख्या फुगते. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीची यात्रा भरते आणि दिंड्या पैठणला उतरतात, त्या सुमारास पाण्यावरचे वारकरी परतीच्या वाटेला लागलेले असतात. येवढे चपखल नाव देणारा माणूस कोण असेल? तो कोणत्याही परिभाषा मंडळावर नव्हता हे नक्की.

या पंगतीमागचे तत्त्व मॉस्कोच्या एका तरुणाने काचेच्या नळीत दाखवले. गेऑर्गी गाऊस त्याचे नाव. १९३४ साली त्याचे पुस्तक निघाले तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. पाण्यातले एकपेशीय पॅरामेशियम हे जीव घेऊन त्याने दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर ठेवल्या. वेगवेगळ्या नळ्यांत दोन्ही उत्तम वाढत होत्या. एकत्र ठेवल्या तेव्हा एक तगली, दुसरी नाहीशी झाली. पुढे त्याने तिसऱ्या जातीशी जोडी लावून पाहिली, तर दोघीही टिकल्या! पाहतो तो एक वरच्या पाण्यात चरत होती आणि दुसरी तळाशी. म्हणजे हुबेहूब एकाच ताटात दोघांना फार काळ जेवता येत नाही; परंतु एकाने वरण घेतले आणि दुसऱ्याने भाकरी, तर पंगत चालू राहते. प्रत्येक जातीच्या या ठरलेल्या पाटाला शास्त्रात ‘कोनाडा’ अशा अर्थाचा शब्द आहे. आमच्या मराठीत ‘पाट’च बरा. ज्याचा पाट त्याने मांडावा, आणि पाट गेला की पाहुणा उठला.

हे जमिनीच्या आकारावर किती अवलंबून आहे पाहा. नाथसागर खोल डोहासारखा नाही. पसरट बशीसारखा आहे. म्हणून पाणी हातभर खाली गेले की कड कितीतरी दूर सरकते आणि मध्ये ओल्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. टिलव्यांपासून रोहितांपर्यंत अनेकांचे पाट या पट्ट्यावर मांडलेले असतात. ज्या वर्षी धरण काठोकाठ भरते आणि हिवाळाभर भरलेले राहते त्या वर्षी आमचे लोक पेढे वाटतात, आणि लांब पायांच्या पाहुण्यांना मात्र उभे राहावयास जागा नसते. ते उशिरा येतात, किंवा दुसरीकडे जातात. उलट पाणी पारच आटले तर माशांवर जगणाऱ्यांचे हाल. पाणी भरपूर असणे म्हणजे सर्वांची चैन, हा आपला माणसांचा हिशेब आहे.

त्या उघड्या पट्ट्यावर आणखी एक पाहुणा डोळा ठेवून असतो, तो म्हणजे शेतकरी. पाणी हटेल तसतसे गाळपेर जमिनीत हरभरा, गहू पेरावयाचा हा जुना रिवाज. गाळ म्हणजे सोने. खताचा खर्च नाही. ज्याची वडिलोपार्जित जमीन या पाण्याखाली गेली त्याने उन्हाळ्यापुरती ती परत मागितली तर त्याला दोष कोण देईल? पण शास्त्राच्या भाषेत ही स्पर्धाच आहे, आणि स्पर्धक दोन पायांचा असला तरी पंगतीचा नियम बदलत नाही.

* * *

आता माशांकडे वळू. त्यांच्यामुळे ‘समष्टी’ या दुसऱ्या शब्दाचा उलगडा झाला. एका जागी एका काळी असलेल्या एका जातीच्या सगळ्या प्राण्यांना समष्टी म्हणतात. ‘लोकसंख्या’ हा शब्द माशांना लावणे मला पटत नाही आणि ‘माससंख्या’ कोणी म्हणणार नाही, तेव्हा समष्टीच राहू द्यावी.

पहिला प्रश्न मोजणीचा. पाखरे निदान वर दिसतात. १९८७ पासून आशियाभर दर जानेवारीत पाणपक्ष्यांची शिरगणती होते. पण पाण्याखालचे मासे मोजावयाचे कसे? पेटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माशांना खुणा करून पाण्यात सोडण्याची जी पद्धत काढली, तिच्यातूनच मोठी साधी युक्ती निघाली. समजा, शंभर मासे धरले, त्यांना खूण करून सोडून दिले. काही दिवसांनी पुन्हा शंभर धरले. त्यांत खुणेचे पाचच निघाले. म्हणजे खुणेचे मासे एकूण माशांच्या विसावा हिस्सा. मग तळ्यात मासे सुमारे दोन हजार. त्रैराशिकच! अट एवढीच की खुणेचे मासे नीट मिसळले पाहिजेत आणि खुणेपायी मरता कामा नयेत.

समष्टी वाढते कशी? वाढीला काही अडथळा नसेल तर दामदुपटीने. पण अडथळा असतोच. व्हेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ साली दाखवले की वाढ आधी संथ, मग भरधाव आणि शेवटी पुन्हा मंद होत एका मर्यादेला टेकते. त्या पाण्याला, त्या रानाला जेवढे पोसवते तेवढीच ती मर्यादा. गणितात मर्यादा स्थिर धरतात. नाथसागराची मर्यादा दर वर्षी हलते. त्याची पूर्ण क्षमता जवळजवळ १०३ अब्ज घनफूट. त्यातला सुमारे २६ अब्ज घनफूट हा मृतसाठा. २०१६ च्या उन्हाळ्यात, ज्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षी नाथसागर या मृतसाठ्यावर आला होता. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच धरणाचे दरवाजे उघडून काठच्या गावांना सावध करण्याची पाळी आली. ज्या घराच्या भिंती अशा आतबाहेर सरकतात त्या घरात संसार करणाऱ्या माशांचे कौतुक करावे तेवढे थोडे.

या संसाराच्या दोन रीती आहेत. रोहू, कटला, मृगळ हे लाखांनी अंडी घालतात आणि मग त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. लाखांतली चार-दोन जगली तरी वंश चालतो. पण यांची एक अट असते. पावसाळ्यात पुराचे, वाहते पाणी लागते. साचलेल्या तळ्यात ते अंडी सोडत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी कटकला हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून कार्पवर्गीय माशांचे प्रजनन करून दाखवले, आणि त्यानंतर देशभर तळ्यांतून बोटुकली सोडता येऊ लागली. आज आपल्या ताटात जो रोहू येतो त्याच्या मागे ही सुई आहे.

दुसरी रीत मरळ माशाची. अंडी कमी, पण आई-बाप दोघे पहारा देतात. पिल्लांचा घोळका वर आणि पालक खाली. आणि याच रीतीचा परदेशी अवलिया म्हणजे तिलापिया, उजनीकडचे मच्छीमार ज्याला चिलापी म्हणतात. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. गरिबांना स्वस्त प्रथिने मिळावीत हा हेतू चांगला होता. याची मादी अंडी तोंडात धरते, पिल्ले फुटली तरी संकट आले की ती आईच्या तोंडात शिरतात. अवघ्या काही महिन्यांत मासा वयात येतो, वर्षातून अनेक वेळा वितो, पुराची वाट पाहत नाही. शेवाळापासून पिल्लांपर्यंत काहीही खातो. म्हणजे रोहूची संख्या आणि मरळीचे वात्सल्य या दोहोंचा फायदा एकट्याने घेणारा! दाटी झाली की तो खुरटतो. तळ्यात मासेच मासे, पण हाताएवढा एक नाही.

पैठणला एक वयस्कर भोई आम्हाला होडीतून नेतात. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांना मी विचारले, “मामा, पूर्वीचे मासे कोठे गेले?” ते वल्हे न थांबवता म्हणाले, “सर, समदा दोष चिलापीवर टाकू नका. जाळं बी बारीक झालंय ना. आस बोटाचा व्हता, आता मच्छरदानीगत झाला. लेकरं धरली तं म्हातारे कुठून येतील?” समष्टीच्या शास्त्रावरचे येवढे नेमके व्याख्यान मी तरी ऐकलेले नाही. मासा किमान एकदा विण्याइतका मोठा होईपर्यंत जाळ्यातून सुटला पाहिजे, हेच मत्स्यशास्त्राचे पुस्तक दोनशे पानांत सांगते.

खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्या हिशेबाची एक गोष्ट इटलीतली आहे. उंबेर्तो द’आंकोना हा प्राणिशास्त्रज्ञ ॲड्रियाटिक समुद्राच्या बंदरांतल्या मासळीबाजाराचे आकडे चाळीत होता. त्याला दिसले की पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत, मासेमारी थंडावली असताना, बाजारात शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढले होते. मासेमारी थांबली तर सगळेच मासे सारखे वाढावेत. शिकाऱ्यांनाच जास्त लाभ का? त्याने हे कोडे आपल्या सासऱ्यांना, विख्यात गणितज्ञ व्होल्तेरा यांना घातले. व्होल्तेरांनी १९२६ साली समीकरणे मांडून दाखवले की भक्ष्य वाढले की मागोमाग भक्षक वाढतात, भक्षक वाढले की भक्ष्य घटते, मग भक्षक उपाशी पडून घटतात, आणि पुन्हा रहाट सुरू. माणूस दोघांनाही धरू लागला की या रहाटात भक्षकाचे नुकसान अधिक होते. अमेरिकेत लोटका यांनी स्वतंत्रपणे असेच गणित केले होते. आपण मत्स्यन्याय म्हणतो तो राज्यशास्त्रात, मोठा मासा लहानाला खातो एवढाच अर्थ घेऊन. लहान मासा संपला तर मोठ्याचे काय होते, हा न्यायाचा उत्तरार्ध आपण सांगतच नाही.

तिसरा शब्द आंतरक्रिया. माझ्या मते हा शब्द रद्द करून ‘संबंध’ म्हणावे. पण माझे ऐकतो कोण? जातीजातींचे संबंध खाण्यापुरतेच नसतात. काठावर म्हशी चरतात आणि गायबगळे त्यांच्या पायांत घोटाळतात. म्हशीच्या पावलांनी उठलेले किडे त्यांना आयते मिळतात. म्हशीचे काही जात नाही. घराजवळचे कोकीळ-कावळ्याचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, ते सोडून देतो. पण धनगरांना ठाऊक असलेले एक प्रकरण शहरी वाचकांना ठाऊक नसेल. तळ्याकाठचे ओले गवत हिरवेगार दिसते, तरी जाणता मेंढपाळ तेथे मेंढरे घालावयास कचरतो. त्या गवताला यकृतकृमीची अतिसूक्ष्म पिल्ले चिकटलेली असतात. हा कृमी अर्धे आयुष्य पाण्यातल्या छोट्या गोगलगायीच्या पोटात काढतो आणि उरलेले मेंढीच्या यकृतात. मेंढी खंगते, जबड्याखाली सूज येते. आणि गोगलगायी खाऊन त्यांची संख्या आवरतो कोण, तर पाणपक्षी. पाखरू, गोगलगाय, कृमी, मेंढी आणि धनगराचे वर्षाचे उत्पन्न, हे सगळे एका दोऱ्यात ओवलेले आहे. यातला कोणता मणी काढला तर दोरा कोठे सैल होईल हे आधी सांगणे कठीण.

पाहुणा घरमालक झाल्याचे उदाहरण पाहण्यासाठी मात्र पैठणपर्यंत जाण्याची जरुरी नाही. आमच्या शहरात दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेच्या अलीकडे, सलीम अली सरोवर आहे. मोगल काळातला हा खिजरी तलाव. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांचे नाव त्याला पुढे मिळाले. या सरोवराला जलपर्णीने वेळोवेळी ग्रासलेले शहराने पाहिले आहे. जांभळ्या तुऱ्यांची ही वनस्पती दक्षिण अमेरिकेची. फुलांच्या मोहाने माणसाने तिला जगभर नेले. तिला खाणारे भुंगे मात्र मागे राहिले. शत्रू नाही, आणि गटारांतून येणारे खत भरपूर. मग काय विचारता! ती पाणी झाकते, खालचा प्रकाश बंद होतो, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, आणि मोकळ्या पाण्यावर उतरणारी बदके दुसरा रस्ता धरतात. १९८० च्या दशकात बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी तिचे शत्रू असलेले भुंगे परदेशातून आणून, ते दुसऱ्या कोणत्या पिकाला खात नाहीत याची खात्री करून, तळ्यांत सोडले. काही ठिकाणी त्याचा चांगला उपयोग झाला. आपल्याकडे बहुधा यंत्र लावून ती उपसतात, काठावर टाकतात, आणि सांडपाणी तसेच चालू ठेवतात. पुढल्या वर्षी पुन्हा निविदा निघते. जलपर्णी आणि निविदा यांच्यामधील संबंधाला शास्त्रात ‘सहजीवन’ म्हणतात.

नाथसागराच्या पंगतीला हल्ली अनेक यजमान झाले आहेत. आमचे शहर हेच पाणी पिते. नळाची आठ-आठ दिवस वाट पाहिलेल्या शहराला पाखरांसाठी पाणी ठेवा म्हणण्याची माझीही छाती नाही. वर नाशिक-नगरची धरणे आहेत. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ साली आदेश दिला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर वरून सोडावे. त्यावर दर तुटीच्या वर्षी रणे माजतात. अभयारण्याभोवतीचा पट्टा २०१७ साली संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आणि आता पाण्यावर तरंगती सौर तावदाने टाकून वीज काढण्याची योजना आली आहे. मच्छीमारांच्या संघटनेने हरकत घेतली; हरित लवादाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती मान्य केली नाही.

योजनेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. कोळसा जाळण्यापेक्षा सूर्य बरा, आणि बशीसारख्या तळ्यावर सावली पडली तर उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारे पाणीही थोडे वाचेल. पण ज्या पाण्यावर सावली पडेल तेथे शेवाळ कमी होणार, आणि या पंगतीतला पहिला घास शेवाळाचा आहे. तावदाने खोल पाण्यावर टाकली तर एक परिणाम, उथळ चिखलाजवळ टाकली तर दुसरा. माझे म्हणणे येवढेच की टाकण्यापूर्वी दोन-तीन वर्षे पाखरे, मासे आणि शेवाळ यांची मोजणी व्हावी आणि टाकल्यावरही ती चालू राहावी. आधीचा आकडाच नसेल तर नंतर काय गेले हे कोणाला कळणार? शिवाय मोजणीला लागणारा खर्च एका तावदानाच्या सांगाड्यापुढे क्षुल्लक असेल, असे माझे सहकारी सांगतात.

मामांची अडचण याहून सरळ होती. गेल्या खेपेला होडी काठाला लावताना ते म्हणाले, “सर, तुमी लिवता ना, तं येवढं इचारा. ती ताटं कुठं टाकनार? मासा उन्हाळ्यात सावलीला जातो. समदा मासा त्या ताटाखाली जाईल, अन् तिथं आमाला जाळं टाकू देनार न्हाईत.”

माशाचे सावलीला जाणे खरे आहे, असे सहकाऱ्यांनी मला परतीच्या बसमध्ये सांगितले. भोयांच्या होड्यांसाठी तावदानांच्या रांगांमधून वाट ठेवता येईल का, हे त्यांनाही माहीत नव्हते. संबंधित कचेरीला पत्र लिहून विचारावयाचे आम्ही ठरवले आहे. मसुदा मी करणार, आणि त्यात ‘प्रजाती’ हा शब्द घालावयाचा की ‘जाती’, यावर आमचा वाद अजून चालू आहे.